निवडून न आलेला कारभारी : रॉबर्ट मोझेस

स्मरणिका समितीने लेखाचा विषय ज्याने त्याने निवडावा असे सांगितले, तेव्हा मी रॉबर्ट मोझेसचे नाव दिले. हा कोण बुवा, असे समितीतल्या निम्म्या मंडळींनी विचारले. पण आपल्या सभासदांपैकी जे जे मुला-मुलींकडे न्यूयॉर्कला जाऊन आले आहेत, त्यांनी या माणसाच्या एखाद्या रस्त्यावरून नाही तर पुलावरून प्रवास केलेलाच आहे. केनेडी विमानतळाबाहेर पडून गाडीत बसलात की बहुधा पहिलाच मोठा रस्ता त्याचा. मी त्याच्याकडे वळलो तो मात्र रस्त्यांमुळे नाही, कर्जरोख्यांमुळे. छत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाची नजर तिकडेच जाणार.

१८ डिसेंबर १८८८ रोजी कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवन गावी, एका सुखवस्तू ज्यू घरात त्याचा जन्म झाला. वडिलांचे मोठे दुकान होते. १८९७ मध्ये कुटुंब न्यूयॉर्कला आले. येल, नंतर इंग्लंडात ऑक्सफर्ड, नंतर कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट, असा सगळा हुशार मुलाचा प्रवास. प्रबंध ब्रिटिश सनदी सेवेवर. त्या वयात तो पक्का आदर्शवादी होता. न्यूयॉर्क महापालिकेतल्या नोकऱ्या वशिल्याने भरल्या जात. प्रत्येक कर्मचाऱ्याच्या कामाला गुण द्यावेत आणि त्यावर पगार-बढती ठरावी, अशी योजना त्याने आखली. आपल्याकडच्या गोपनीय अहवालासारखाच प्रकार. ज्यांचे वशिले होते त्यांनी ती योजना हाणून पाडली आणि तिशीच्या उंबरठ्यावर हा विद्वान गृहस्थ नोकरी शोधत फिरू लागला.

त्याला हात दिला तो अल् स्मिथ या पुढाऱ्याने. स्मिथ गरीब वस्तीत वाढलेला, शाळा लवकर सोडून मासळी बाजारात कामाला लागलेला, पण पुढे न्यूयॉर्क राज्याचा गव्हर्नर झालेला माणूस. स्मिथच्या हाताखाली मोझेस एक विद्या शिकला : कायद्याचा मसुदा कसा लिहायचा. मसुद्यात एखादा निरुपद्रवी दिसणारा शब्द कुठे ठेवायचा, की पुढे तोच हत्यार होईल, यात तो तरबेज झाला. १९२४ साली लाँग आयलंडच्या उद्यान आयोगाचा तो अध्यक्ष झाला. त्या आयोगाचा कायदा त्यानेच लिहिलेला. त्यात जमीन ताब्यात घेण्याची अशी तरतूद होती की आधी माणसे पाठवून जागा घ्यायची, मोबदल्याची भांडणे मागाहून. आमदारांनी ते नीट वाचलेच नव्हते.

लाँग आयलंडवर तेव्हा न्यूयॉर्कच्या अतिश्रीमंतांचे बंगले आणि शिकारीची राने होती. शहरातल्या घामाघूम लोकांना समुद्र जवळ असून पोहोचता येत नसे. मोझेसने तिथे उद्याने काढली, झाडीतून जाणारे रस्ते काढले आणि १९२९ मध्ये जोन्स बीच खुला केला. मैलोन्‌मैल वाळू, कपडे बदलायची देखणी स्नानगृहे, आणि पाण्याची टाकी व्हेनिसमधल्या घंटाघराच्या धर्तीवर बांधलेली. सरकारी काम इतके सुंदर असू शकते यावर लोकांचा विश्वास बसेना. त्याची कीर्ती तिथून पसरली, आणि मला विचाराल तर ती रास्त होती.

पण दोन गोष्टी इथेच सांगून ठेवतो. एक, बलाढ्य जमीनदारांनी विरोध केला तेव्हा त्यांच्या इस्टेटींना वळसा घालून रस्ता मैलोगणती वाकडा झाला. लहान शेतकऱ्यांच्या शेतांतून मात्र तो सरळ गेला. दुसरी, या रस्त्यांवरचे पूल ठेंगणे आहेत. बसने येणारे गरीब आणि कृष्णवर्णीय लोक किनाऱ्यावर पोहोचू नयेत म्हणून ते मुद्दाम तसे बांधले, असे त्याच्या चरित्रकाराने लिहिले आहे. त्यावर अजून वाद चालू आहे, म्हणून मी निकाल देत नाही. पण रस्ता वळवता येतो, हे लक्षात असू द्या. पुढे त्याचे काम पडणार आहे.

१९३४ साली महापौर ला गार्डिया यांनी त्याला संपूर्ण न्यूयॉर्क शहराच्या उद्यानांचा आयुक्त नेमले. मंदीचे दिवस होते, बेकारांचे तांडे होते आणि वॉशिंग्टनहून पैसा मिळत होता. पण पैसा मिळवायला तयार नकाशे लागतात, आणि ते फक्त मोझेसकडे असत. १९३६ च्या एका उन्हाळ्यात त्याने शहरात अकरा मोठे जलतरण तलाव खुले केले. कारकिर्दीत साडेसहाशेच्या वर मुलांची क्रीडांगणे बांधली. त्याच १९३४ साली तो गव्हर्नरपदाच्या निवडणुकीलाही उभा राहिला होता आणि आठ लाखांहून जास्त मतांनी आपटला. लोकांनी त्याला मत द्यायची ही एकच संधी. ती त्यांनी घेतली, आणि त्याने पुन्हा कधी दिली नाही.

आता रोख्यांकडे येतो. मॅनहॅटन, ब्राँक्स आणि क्वीन्स हे शहराचे तीन भाग जोडणारा ट्रायबरो पूल जुलै १९३६ मध्ये सुरू झाला. तो बांधायला एक स्वतंत्र प्राधिकरण होते, मोझेस त्याचा प्रमुख. मूळ कल्पना साधी : रोखे विकून कर्ज उभारायचे, टोलमधून फेडायचे, कर्ज फिटले की टोल बंद आणि प्राधिकरणही बरखास्त. मोटारी इतक्या वाढल्या की टोलचा पैसा अंदाजापेक्षा भराभर जमू लागला. म्हणजे कर्ज लवकर फिटणार, आणि मोझेसची खुर्ची लवकर जाणार! तेव्हा १९३७ मध्ये त्याने कायद्यात दुरुस्ती करून घेतली, मसुदा अर्थातच स्वतःचा. जुने रोखे नव्या, लांब मुदतीच्या रोख्यांनी फेडायचे आणि नवी कामे काढायची. ग्रामीण शाखेत काम केलेल्यांना कळेल, आपण पीककर्जाचे नवं-जुनं करतो ना, तेच. फरक इतकाच की आपला शेतकरी नाइलाजाने नवं-जुनं करतो, मोझेसने ते अमरत्वासाठी केले.

याहून खुबी पुढची. प्राधिकरणाचे सगळे अधिकार त्याने रोख्यांच्या करारातच लिहून टाकले. अमेरिकेच्या राज्यघटनेप्रमाणे राज्याला कायदा करून करार मोडता येत नाही. त्यामुळे महापौर बदलो, गव्हर्नर बदलो, रोखेधारकांचे शेवटचे देणे फिटेपर्यंत त्या अधिकारांना कुणी हात लावू शकत नव्हते, आणि शेवटचे देणे कधी फिटू द्यायचे ते ठरवणार मोझेस. हिशोब महापालिकेच्या ताळेबंदात नाहीत, म्हणून नगरसेवकांना प्रश्न विचारायलाही जागा नाही. बँकर म्हणून मी त्या कल्पनेला सलाम करतो. नागरिक म्हणून अंगावर काटा येतो.

या पैशावर त्याने पूल, बोगदे, द्रुतगती मार्ग यांचा सपाटा लावला. एका वेळी तो बारा पदे सांभाळत होता. गंमत म्हणजे त्याला स्वतःला गाडी चालवता येत नव्हती. मागच्या सीटवर कागद पसरून तो काम करी. रेल्वेबद्दल मात्र त्याला काडीची आस्था नव्हती. विमानतळाकडे जाणारा व्हॅन विक मार्ग बांधताना मध्ये रुळांसाठी जागा सोडा, असे नियोजनकारांनी सुचवले. तेव्हा जमीन स्वस्त होती. त्याने नकार दिला. अखेर २००३ मध्ये विमानतळाची गाडी सुरू झाली ती त्याच रस्त्याच्या डोक्यावर खांब उभारून.

१९४९ च्या गृहनिर्माण कायद्याने जुन्या, जीर्ण वस्त्या पाडून पुन्हा बांधायला केंद्राचा पैसा मिळू लागला, आणि न्यूयॉर्कमध्ये या कामाच्या समितीचा अध्यक्षही मोझेसच. जागा संपादन करून खासगी विकासकांना स्वस्तात द्यायची, त्यांनी जुनी घरे पाडून नवी बांधायची. मॅनहॅटनच्या एका प्रकल्पात विकासकांनी वर्षानुवर्षे काही बांधलेच नाही, फक्त मोडक्या घरांची भाडी वसूल करत राहिले. मोझेसने स्वतः पैसे खाल्ले नाहीत, हे त्याचे शत्रूही मानतात. पण खाणाऱ्यांना ताट त्याने वाढले. लिंकन सेंटर हे संगीत-नाटकाचे विख्यात संकुल अशाच एका वस्तीच्या जागी उभे आहे. तिथून हजारो कुटुंबे उठवली गेली, त्यांत कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकोहून आलेले लोक फार होते. त्यांना नव्या जागी घर मिळालेच असे नाही.

मला सगळ्यात जास्त बोचते ती ईस्ट ट्रिमाँटची हकीकत. ब्राँक्समधली ही साधी वस्ती, बहुतेक ज्यू कामगार कुटुंबे, कुणी कपड्यांच्या कारखान्यात, कुणी दुकानात. घरे जुनी पण मजबूत, भाडी परवडणारी, मुलांना बाग जवळ. डिसेंबर १९५२ मध्ये सुमारे दीड हजार कुटुंबांना मोझेसच्या सहीचे पत्र आले : क्रॉस ब्राँक्स द्रुतगती मार्गासाठी इमारती पाडायच्या आहेत, नव्वद दिवसांत जागा सोडा. गृहिणींनी पुढाकार घेतला. वर्गणी काढली, बस करून महापालिकेत गेल्या, इंजिनिअर गाठून पर्यायी आराखडा करून आणला. रस्ता दोन चौक दक्षिणेला, क्रोटोना पार्कच्या कडेने नेला तर मोजकीच घरे पाडावी लागत होती आणि रस्ता उलट सरळ होत होता. मोझेसने ऐकले नाही. का नाही, याचे पटणारे कारण आजतागायत पुढे आलेले नाही. १९५३ च्या निवडणुकीत महापौरपदाच्या उमेदवाराने या लोकांना आधार दिला, आणि निवडून आल्यावर मोझेसच्याच मार्गाला मंजुरी मिळाली. चौपन्न इमारती गेल्या. आजूबाजूला राहिलेले लोकही धूळ, सुरुंग आणि उजाड इमारतींना कंटाळून निघून गेले. सत्तरच्या दशकात दक्षिण ब्राँक्स जळत होते, त्याला कारणे अनेक होती. पण त्यांतल्या एकाला मोझेसचे नाव आहे. लाँग आयलंडच्या जमीनदारांसाठी वाकलेला रस्ता इथे दोन चौकसुद्धा सरकला नाही.

त्याला पहिला खरा दणका बसला तो अगदी किरकोळ गोष्टीवरून. १९५६ च्या एप्रिलमध्ये सेंट्रल पार्कमधल्या एका महागड्या उपाहारगृहाचा वाहनतळ वाढवण्यासाठी त्याने मुले खेळत त्या जागेवर बुलडोझर आणला. बाबागाड्या घेऊन आया बुलडोझरपुढे उभ्या राहिल्या. मग रात्री गुपचूप कुंपण घालून त्याने झाडे पाडली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत फोटो! या बायका सुस्थितीतल्या होत्या, त्यांना वकील आणि पत्रकार माहीत होते, म्हणून आवाज पोहोचला; ईस्ट ट्रिमाँटच्या बायकांचा पोहोचला नव्हता. कोर्टाचा मनाई हुकूम आला आणि मोझेसला तिथे क्रीडांगण बांधून द्यावे लागले.

त्यानंतर ग्रीनिच व्हिलेजचे रहिवासी उठले. तिथल्या वॉशिंग्टन स्क्वेअर बागेतून त्याला रस्ता काढायचा होता. वर्षानुवर्षे लढून लोकांनी १९५८ मध्ये ती बाग मोटारींना बंद करून घेतली. या लढ्यात जेन जेकब्ज या बाई होत्या, हडसन स्ट्रीटवर राहणाऱ्या, स्थापत्याच्या मासिकात काम करणाऱ्या. त्यांच्याकडे पदवी नव्हती, पण निरीक्षण दांडगे होते. जुन्या रस्त्यावर खाली दुकाने, वर घरे, खिडकीतून बघणारी माणसे, यामुळेच शहर सुरक्षित आणि जिवंत राहते, असे त्यांनी १९६१ च्या आपल्या पुस्तकात मांडले. जगभरच्या नगररचनाकारांना ते पुस्तक वाचावे लागले. मोझेसचा पुढचा बेत होता दक्षिण मॅनहॅटन आडवे कापणाऱ्या दहापदरी उन्नत मार्गाचा. सुमारे दोन हजार कुटुंबे आणि शेकडो उद्योग त्यात जाणार होते. डिसेंबर १९६२ मध्ये तो फेटाळला गेला, पुन्हा वर आला, १९६८ च्या सुनावणीत बाईंना अटकही झाली, आणि १९६९ मध्ये तो कायमचा बासनात गेला. ज्या जुन्या इमारती पाडायच्या होत्या, तो भाग म्हणजे आजचे सोहो. तिथे आता घर घेणे आपल्यासारख्याचे काम नाही. जुने वाचले, पण जुन्यात राहणारा वाचलाच असे नाही. न्यूयॉर्कमध्ये आता त्यावर वाद चालतो.

मोझेसची एक सवय होती, मनासारखे झाले नाही की राजीनाम्याची धमकी. १९६२ मध्ये गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांनी तो चक्क स्वीकारला. बरीच पदे गेली. १९६४-६५ चे जागतिक प्रदर्शन त्याने भरवले, ते तोट्यात गेले. त्या प्रदर्शनासाठी त्याने अख्ख्या न्यूयॉर्कची प्रतिकृती बनवून घेतली होती, एकेक इमारत वेगळी. क्वीन्सच्या संग्रहालयात ती अजून आहे. मुलाने मला ती दाखवली तेव्हा मी आधी क्रॉस ब्राँक्स शोधला.

ट्रायबरो मात्र अजून त्याच्या हातात होती. ते कुलूप उघडले १९६८ मध्ये, आणि कसे ते ऐका. गव्हर्नरांना ट्रायबरोच्या टोलचा पैसा लोकल गाड्यांकडे वळवायचा होता, म्हणून ती नव्या वाहतूक प्राधिकरणात विलीन करायची होती. रोखेधारकांनी हरकत घेतली असती तर घटनेप्रमाणे सगळे अडले असते. पण रोखेधारकांच्या वतीने विश्वस्त होती चेस मॅनहॅटन बँक, आणि तिचे प्रमुख होते डेव्हिड रॉकफेलर, गव्हर्नरांचे सख्खे भाऊ. दावा मागे घेतला गेला. नव्या व्यवस्थेत मोझेसला मानाचे सल्लागारपद मिळाले. ऑफिस, गाडी, सचिव सगळे होते; विचारायला कोणी येत नव्हते.

१९७४ मध्ये रॉबर्ट कॅरो यांनी त्याचे बाराशे पानांचे चरित्र लिहिले, त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. मोझेसने तेवीस पानी खुलासा लिहून ते खोडायचा प्रयत्न केला. २९ जुलै १९८१ रोजी, ब्याण्णवाव्या वर्षी, लाँग आयलंडवर त्याचे निधन झाले. पुरले त्याला ब्राँक्समध्ये, वुडलॉनच्या दफनभूमीत. ट्रायबरो पुलाचा टोल अजून चालू आहे.