पत्त्यांच्या कारखान्यात मशीन दुरुस्त करणाऱ्या पोरानं जगाला गेम बॉय दिला

नव्वदच्या दशकात ज्यांचं लहानपण गेलं, त्यांना ब्रिक गेम आठवत असेलच.

हातात मावेल एवढं प्लास्टिकचं यंत्र. वरून पडणारे ठोकळे, करड्या रंगाची स्क्रीन, मागे पेन्सिल सेल आणि खोक्यावर ठसठशीत लिहिलेलं ९९९९ इन १. मुंबई-पुणे असो की जालना-परतूर, जत्रेत नाहीतर बसस्टँडजवळच्या खेळण्यांच्या दुकानात हा गेम हमखास दिसायचा. ज्यांच्या घरी थोडा जास्त पैसा, त्यांच्याकडे टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम असायचा. कॅसेट चालली नाही की काढायची, फुंकर मारायची, परत बसवायची. मग मारिओ सुरू.

आता गंमत बघा. टीव्हीच्या त्या गेमच्या रिमोटवर डाव्या अंगठ्याखाली अधिकच्या चिन्हासारखं एक बटण असायचं. ब्रिक गेमचा आकारही कुठल्या तरी दुसऱ्या मशीनवरून उचललेला होता. त्या बटणामागं आणि त्या दुसऱ्या मशीनमागं एकाच माणसाचं डोकं होतं.

त्या माणसाचं नाव गुनपेई योकोई.

पत्ते छापणारी कंपनी

योकोई यांचा जन्म १० सप्टेंबर १९४१ चा, जपानमधल्या क्योटो शहरातला. त्यांनी तिथल्याच दोशिशा विद्यापीठातून इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग केलं आणि १९६५ साली निन्टेंडो कंपनीत नोकरी धरली.

तेव्हाची निन्टेंडो म्हणजे व्हिडिओ गेमची कंपनी नव्हती. १८८९ साली फुसाजिरो यामाउची यांनी ती सुरू केली ती हानाफुदा बनवायला. हानाफुदा म्हणजे फुलांची चित्रं असलेले जपानी पत्ते. १९४९ साली त्यांचा पणतू हिरोशी यामाउची ऐन विशीत कंपनीचा मालक झाला. पत्त्यांच्या धंद्यात किती दिवस दम निघणार, हा प्रश्न त्याला सतावत होता.

योकोई यांचं काम होतं पत्ते बनवणाऱ्या मशीनची देखभाल. मशीन बिघडलं की दुरुस्त करायचं. बिघडलं नाही तर बसून राहायचं.

आणि मशीन काही रोज बिघडत नव्हतं.

रिकाम्या वेळात या पोरानं कारखान्यातल्याच सामानातून एक खेळणं बनवलं. दुकानाला असतं ते चॅनल गेट आठवा. ओढलं की पसरतं, ढकललं की मिटतं. तशाच आडव्या-उभ्या पट्ट्यांचा एक लांब हात. हँडल दाबलं की हात पुढं जातो आणि लांबची वस्तू पकडतो.

१९६६ साली यामाउची कारखान्यात आले आणि त्यांच्या नजरेला हे खेळणं पडलं. कामाच्या वेळेत टाइमपास केला म्हणून नोकरी जाणार असंच कुणालाही वाटलं असतं. झालं उलटंच. यामाउचींनी ते खेळणं ख्रिसमसपर्यंत बाजारात आणायला सांगितलं. अल्ट्रा हँड या नावानं ते आलं आणि १० लाखांहून जास्त विकलं गेलं.

मेंटेनन्सवाला एका झटक्यात खेळणी बनवणारा झाला.

फक्त डावीकडं वळणारी गाडी

पुढची दहा-बारा वर्षं योकोईंनी खेळण्यांचा धडाका लावला. घरात बॅटिंग करता यावी म्हणून मऊ चेंडू फेकणारं अल्ट्रा मशीन काढलं. मग १९६९ साली आला लव्ह टेस्टर. मुलगा-मुलीनं एकमेकांचा हात धरायचा, दुसऱ्या हातात मशीनचे गोळे धरायचे आणि काट्यावर प्रेम किती ते बघायचं. आत काय होतं? शरीरातून जाणारा बारीकसा करंट मोजणारा साधा मीटर. इंजिनिअरिंगच्या कुठल्याही लॅबमध्ये सापडेल असा.

पण योकोईंची विचार करायची पद्धत समजून घ्यायची तर लेफ्टी आरएक्स ही गाडी बघावी लागते.

त्या काळात रिमोटवर चालणारी गाडी प्रचंड महाग होती. डावीकडं, उजवीकडं, पुढं, मागं अशा प्रत्येक हुकमासाठी वेगळी व्यवस्था लागायची आणि किंमत वाढत जायची. योकोईंनी हिशोब मांडला की रेसच्या ट्रॅकवर गाडी गोल गोल एकाच दिशेनं फिरते. मग उजवीकडं वळायची गरजच काय? त्यांनी फक्त डावीकडं वळणारी गाडी बनवली. किंमत एकदम खाली आली आणि साध्या घरातल्या पोरांनाही रिमोटची गाडी मिळाली.

या पद्धतीला त्यांनी पुढं एक नावही दिलं. त्याचा अर्थ साधारण असा की जुनी, मुरलेली टेक्नॉलॉजी घ्यायची आणि तिचा कुणी विचारही केला नसेल असा वापर शोधायचा.

जालन्याच्या एमआयडीसीत भंगार लोखंड भट्टीत वितळवून त्याच्या सळया बनतात आणि घरं उभी राहतात. एकासाठी जे संपलेलं असतं, तो दुसऱ्याचा कच्चा माल असतो. योकोईंचा हिशोब याच जातीचा होता. नवी टेक्नॉलॉजी महाग असते, तिचा भरवसा नसतो. जुनी स्वस्त असते आणि तिच्या सगळ्या खोड्या माहिती झालेल्या असतात. डोकं लावायचं ते तिचं काय करायचं यावर.

हे दरवेळी जमलं असं नाही. १९७३ साली निन्टेंडोनं बंद पडलेल्या बोलिंगच्या हॉलमध्ये लाइटच्या बंदुकीनं नेमबाजी करायची मोठी सिस्टीम आणली. सुरुवात जोरात झाली आणि लगेच तेलाचं जागतिक संकट आलं. ऑर्डर रद्द झाल्या आणि कंपनी कर्जात गेली.

ट्रेनमधला कंटाळलेला माणूस

सत्तरच्या दशकाच्या शेवटी योकोई बुलेट ट्रेननं चालले होते. समोर एक नोकरदार माणूस कंटाळून हातातल्या कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसला होता. योकोईंच्या डोक्यात आलं, मोठ्या माणसाला लोकांच्या नजरेत न येता खेळता येईल असा छोटा गेम असला तर?

ही कल्पना वरपर्यंत पोचली तीही योगायोगानं. एके दिवशी यामाउचींचा ड्रायव्हर आजारी पडला. त्यांची परदेशी गाडी चालवायला योकोईंना बोलावलं. आता मालक शेजारी असताना गप्प कसं बसायचं, म्हणून योकोईंनी गाडी चालवता चालवता ही कल्पना सांगितली. यामाउची त्या दिवशी काही फार बोलले नाहीत. पण ज्या बैठकीला ते चालले होते, तिथं शार्प कंपनीचे प्रमुख भेटले आणि यामाउचींनी विषय काढला.

शार्प आणि कॅसिओ यांच्यात तेव्हा कॅल्क्युलेटरची जोरदार स्पर्धा चालली होती. त्या भानगडीत एलसीडी स्क्रीन आणि चिप दोन्ही स्वस्त झाल्या होत्या. कॅल्क्युलेटर घरोघर पोचल्यावर पुढं काय, हा प्रश्न शार्पलाही होताच. दोघांचं जमलं.

एप्रिल १९८० मध्ये पहिला गेम अँड वॉच बाजारात आला. कॅल्क्युलेटरमध्ये आकड्याच्या रेघा जशा आधीपासून स्क्रीनवर आखलेल्या असतात आणि हव्या तेवढ्याच काळ्या होतात, तशाच इथं माणसाच्या आणि चेंडूच्या आकृत्या आखलेल्या. खेळ थांबला की घड्याळ. पुढच्या अकरा वर्षांत या मालिकेतले ४ कोटी ३४ लाख नग विकले गेले.

१९८१ साली, म्हणजे औरंगाबादपासून वेगळा होऊन आपला जालना जिल्हा झाला त्याच वर्षी, निन्टेंडोचा डाँकी काँग आला. अमेरिकेत न खपलेली सुमारे २ हजार गेमची मशीन गोडाऊनमध्ये पडून होती. त्यांच्यात नवा गेम बसवून ती खपवायची जबाबदारी शिगेरू मियामोतो या तरुण चित्रकाराला दिली आणि त्याच्यावर देखरेखीला ठेवलं योकोईंना. त्या गेममध्ये उड्या मारणारा टोपीवाला सुतार पुढं मारिओ म्हणून जगभर ओळखला गेला.

हाच गेम १९८२ साली गेम अँड वॉचवर आणायचा होता. अडचण अशी की आर्केडच्या मशीनवर उभी दांडी असते. खिशात ठेवायच्या मशीनला दांडी कशी लावणार? योकोईंनी दांडीच्या जागी अधिकच्या चिन्हाचं चपटं बटण बसवलं. खाली न बघता अंगठ्यालाच दिशा कळते. १९८३ साली मासायुकी उएमुरा यांच्या टीमनं बनवलेल्या फॅमिकॉम या घरगुती कन्सोलनं तेच बटण घेतलं. नव्वदच्या दशकात भारतात टीव्हीला जोडायचे जे स्वस्त गेम विकले गेले, त्यातले बहुतेक याच फॅमिकॉमच्या नकला होत्या. त्यासोबत ते बटण आपल्या घरात आलं.

गेम बॉयचा गेम

२१ एप्रिल १९८९ ला जपानमध्ये गेम बॉय आला.

कागदावर बघितलं तर मशीन अगदीच साधं होतं. हिरवट स्क्रीन, रंग नाहीत, फक्त चार छटा, आठ बिटचा प्रोसेसर, तोही सत्तरच्या दशकातल्या डिझाइनवर बेतलेला. अंधारात खेळायचं तर स्क्रीनला लाइटसुद्धा नाही. त्याच वर्षी अटारीचा लिंक्स आला आणि पुढच्या वर्षी सेगाचा गेम गिअर. दोन्ही रंगीत, दोन्हींना लाइट.

सगळ्यांना वाटलं गेम बॉय गेला.

पण रंगीत स्क्रीन आणि लाइट सेल खातात. गेम गिअरला सहा सेल लागायचे आणि ते तीन ते पाच तासांत संपायचे. गेम बॉय चार सेलवर १५ तासांच्या आसपास आरामात चालायचा. किंमत कमी, खिशाला परवडणारा सेलचा खर्च आणि दणकट इतका की हातातून पडला तरी चालू. आखाती युद्धात बॉम्बहल्ल्यात भाजून निघालेला एक गेम बॉय कित्येक वर्षं निन्टेंडोच्या न्यूयॉर्कच्या दुकानात ठेवलेला होता. बाहेरचं प्लास्टिक वितळलेलं आणि स्क्रीनवर टेट्रिस सुरू.

टेट्रिस हा मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव यांनी बनवलेला ठोकळ्यांचा गेम. अमेरिकेत तो गेम बॉयसोबतच दिला गेला. त्याला ना रंग लागत होते, ना भारी प्रोसेसर. शाळकरी पोरांपासून आजोबांपर्यंत सगळे खेळायला लागले. जत्रेत मिळणारा ब्रिक गेम म्हणजे या दोघांची स्वस्तातली नक्कल.

सातोरू ओकादा आणि टीमच्या मेहनतीला योकोईंच्या हट्टाची जोड मिळाली आणि गेम बॉय व त्याची पुढची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटी ८६ लाखांहून जास्त नग विकले गेले.

लाल रंगाचं अपयश

एवढ्या यशानंतर आला व्हर्च्युअल बॉय.

डोळ्यांना लावून खोलीचा भास होणारा गेम खेळायचा, अशी ती कल्पना. इथंही योकोईंनी स्वस्तातलं सामान निवडलं. लाल एलईडीची एक रांग आणि वेगानं हलणारा आरसा. त्यामुळं सगळं चित्र लाल आणि काळं. डोक्यावर घालायचं मशीन स्टँडवर आलं, म्हणजे मान वाकवून टेबलाला डोळे लावून बसायचं. खेळताना मधून मधून थांबा, डोळ्यांना त्रास होईल, अशी सूचना मशीनसोबतच मिळायची.

जुलै १९९५ मध्ये ते जपानमध्ये आलं आणि वर्षाच्या आत गुंडाळलं. साधारण ७ लाख ७० हजार नग खपले. ज्या कंपनीला कोटींत मोजायची सवय होती, तिच्यासाठी हा मोठा फटका होता. इथं योकोईंचं सूत्र चुकलं. स्वस्त सामानामुळं गेम बॉय जास्त वेळ खेळता यायचा. इथं त्याच स्वस्त सामानामुळं लोकांना जास्त वेळ खेळवेना.

ऑगस्ट १९९६ मध्ये योकोईंनी ३१ वर्षांची नोकरी सोडली. व्हर्च्युअल बॉय पडला म्हणून त्यांना जावं लागलं असाच अर्थ सगळ्यांनी काढला. त्यांचं म्हणणं वेगळं होतं. पन्नाशीनंतर स्वतःचं काहीतरी करायचं हे आधीच ठरलं होतं, असं त्यांनी सांगितलं. जाण्याआधी त्यांनी गेम बॉय पॉकेट हे छोटं, सुटसुटीत मॉडेल बाजारात आणलं होतं.

बाहेर पडून त्यांनी क्योटोमध्येच कोतो लॅबोरेटरी ही छोटी कंपनी काढली आणि बान्दाई कंपनीसाठी हातात धरायच्या नव्या कन्सोलवर काम सुरू केलं. म्हणजे स्पर्धा थेट आपल्याच गेम बॉयशी.

ते मशीन बाजारात आलेलं मात्र त्यांना बघता आलं नाही.

४ ऑक्टोबर १९९७. इशिकावा प्रांतातून जाणाऱ्या होकुरिकु एक्सप्रेसवेवर त्यांच्या गाडीची पुढच्या ट्रकला धडक बसली. गाडीचं काय नुकसान झालं ते बघायला ते खाली उतरले आणि मागून आलेल्या दुसऱ्या गाडीनं त्यांना उडवलं. त्यांचं वय होतं ५६.

मार्च १९९९ मध्ये ते कन्सोल वंडरस्वान या नावानं आलं. ते एका पेन्सिल सेलवर तीसेक तास चालायचं. त्यासोबत आलेल्या एका कोड्याच्या गेमला योकोईंच्या आठवणीत गनपे असं नाव दिलं होतं.

२००४ साली निन्टेंडोनं दोन स्क्रीनचा, घडी होणारा डीएस आणला. तशी दोन स्क्रीनची घडी योकोईंनी १९८२ च्या गेम अँड वॉचमध्येच केली होती. आणि आज प्लेस्टेशनचा किंवा एक्सबॉक्सचा रिमोट हातात घेतलात तरी डाव्या अंगठ्याजवळ चार दिशांची बटणं असतातच. कारखान्यात मशीन बिघडायची वाट बघत बसलेल्या एका मेंटेनन्सवाल्याची ती आठवण आहे.