काका बॅप्टिस्टा : सेंट मेरीज शाळेचा विद्यार्थी, लोकमान्यांचा सोबती



१८ सप्टेंबर हा काका जोसेफ बॅप्टिस्टा यांचा स्मृतिदिन. १९३० साली याच दिवशी त्यांचे मुंबईत निधन झाले. आपल्या रिठद परिसरातील तरुणांना हे नाव फारसे माहीत नसेल. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात होमरूल चळवळ येते, लोकमान्य टिळक आणि ॲनी बेझंट येतात, पण बॅप्टिस्टांचे नाव आले तर एखाद्या ओळीत येते. आणि तुम्ही लोक मूळचे इथले नाहीत, तुमचा धर्म इंग्रजांनी आणला, असे मात्र आपल्या मुलांना कॉलेजात, एस.टी.त, कधी कधी चहाच्या टपरीवरही ऐकावे लागते. मुले गप्प बसतात, कारण उत्तर द्यायला हाताशी काही नसते. म्हणून या रविवारी काकांची ओळख करून देण्याचे आम्ही ठरवले.

जोसेफ बॅप्टिस्टा यांचा जन्म १७ मार्च १८६४ रोजी मुंबईत माझगावच्या म्हातारपाखाडीत झाला. पाखाडी म्हणजे गावाची आळी. म्हातारपाखाडी हे मुंबईतल्या जुन्या गावठाणांपैकी एक. लाकडी जिने, कौलारू घरे आणि मध्यभागी क्रूस अशी तिची घडण आजही थोडीफार टिकून आहे. त्यांचे वडील मूळचे भाईंदरजवळच्या उत्तन गावचे. उत्तन, वसई, साष्टी या पट्ट्यातील आपले ख्रिस्ती बांधव पोर्तुगीज काळात, म्हणजे सोळाव्या शतकात ख्रिस्ती झाले. इंग्रजांचे राज्य तेव्हा हिंदुस्थानात कुठेच नव्हते. हे लोक घरी मराठीच बोलत आले. त्यांची बोली आपल्या वऱ्हाडीपेक्षा वेगळी, पण मराठीच.

जोसेफ जन्मले त्याच साली, १८६४ मध्ये, मुंबईत येशूसंघीय फादरांनी सेंट मेरीज शाळा सुरू केली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस बंद झाला होता, आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि मुंबईत पैसा वाहत होता. ज्या वऱ्हाडात आपण राहतो तिथला कापूसही त्याच काळात मुंबईकडे जाऊ लागला. अशा गर्दीच्या, धावपळीच्या शहरात कॅथलिक मुलांच्या शिक्षणाची आणि वळणाची काळजी घ्यायला शाळा हवी होती. ती येशूसंघीयांनी काढली. त्यांतले पुष्कळ फादर जर्मन होते. ही मुलांची शाळा आज माझगावला नेस्बिट रोडवर आहे आणि दीडशेहून अधिक वर्षे अखंड चालू आहे. जोसेफचे प्राथमिक शिक्षण याच शाळेत झाले. शाळा आणि विद्यार्थी एकाच वयाचे, ही गंमतच म्हणायची.

शाळेने त्यांना नेमके काय दिले हे मोजून सांगता येत नाही. इंग्रजी उत्तम दिले हे नक्की. कॅथलिक शाळा म्हणजे इंग्रजी, असा आजही आपला समज आहे, आणि फीचे पैसे जमवताना पालकांच्या डोळ्यांपुढे तेवढेच असते. पण सेंट मेरीजचे इंग्रजी जोसेफने कुठे वापरले ते पुढे पाहण्यासारखे आहे.

शाळेनंतर ते पुण्याला अभियांत्रिकी शिकायला गेले. पुढे सीओईपी म्हणून प्रसिद्ध झालेले ते कॉलेज. अभियंत्याला तेव्हा सरकारी नोकरी, बंगला, शिपाई, सगळे मिळत असे. घरच्यांनाही तेच बरे वाटले असणार. पण जोसेफ विलायतेला गेले. केंब्रिजला फिट्झविल्यममध्ये राहून त्यांनी राज्यशास्त्राची पदवी घेतली आणि बॅरिस्टर होऊन परत आले.

विलायतेत आयर्लंडचा प्रश्न तेव्हा गाजत होता. आयरिश लोक बहुसंख्य कॅथलिक, त्यांच्यावर राज्य इंग्लंडचे. आपल्या घरचा कारभार आपल्या हाती असावा एवढीच त्यांची मागणी होती आणि तिलाच होमरूल म्हणत. तरुण बॅप्टिस्टांवर या चळवळीचा खोल परिणाम झाला. आयर्लंडला जे हवे तेच हिंदुस्थानाला का नको, हा विचार घेऊन ते मायदेशी आले.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर बॅप्टिस्टांच्या धैर्याची कल्पना येणार नाही. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षे झाली त्या निमित्ताने, मुंबईच्या या मूळ ख्रिस्ती समाजाने ईस्ट इंडियन हे नाव घेतले. गोव्याहून येणारे ख्रिस्ती पोर्तुगालचे प्रजाजन, आम्ही मात्र ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासूनचे इंग्रजांचे, हे सरकारच्या ध्यानात यावे असा त्यामागे हेतू होता. पोटासाठी केलेली ती गोष्ट होती आणि आम्ही त्यांना दोष देत नाही. अल्पसंख्य समाज नेहमीच जपून पावले टाकतो, आपणही टाकतो. पण अशा समाजातला एक बॅरिस्टर उघडपणे टिळकांच्या शेजारी जाऊन बसला! त्याला घरच्या माणसांकडून काय काय ऐकावे लागले असेल!

१९०१ साली ते मुंबई महापालिकेत निवडून आले आणि पुढे सतरा वर्षे सभासद राहिले. वकिली चालू होतीच. टिळकांचे ते मित्र आणि कायद्याचे सल्लागार झाले. १९०८ साली टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला आणि त्यांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला नेण्यात आले, त्या कठीण दिवसांत बॅप्टिस्टा त्यांच्या बाजूने उभे होते. १९१० साली नाशिकच्या कटाच्या खटल्यात विनायक दामोदर सावरकरांच्या बचावाचे कामही त्यांनी केले. सरकारचा रोष ओढवून घ्यायचा नसेल तर वकिलाने हात लावू नये असे हे खटले होते. सेंट मेरीजचे इंग्रजी असे न्यायाधीशांपुढे वापरले गेले.

टिळक १९१४ साली सुटून आले. २८ एप्रिल १९१६ रोजी बेळगावला त्यांनी होमरूल लीग स्थापन केली. तिचे अध्यक्ष झाले जोसेफ बॅप्टिस्टा आणि चिटणीस न. चिं. केळकर. टिळक स्वतः पदाधिकारी झाले नाहीत. ॲनी बेझंट यांची दुसरी लीग त्यानंतर पाच महिन्यांनी निघाली. दोघांत भांडण नको म्हणून मुलूख वाटून घेतले गेले. टिळकांच्या लीगकडे महाराष्ट्र, कर्नाटक, मध्य प्रांत आणि वऱ्हाड आले, मुंबई शहर बेझंटबाईंच्या लीगकडे गेले. म्हणजे जन्माने आणि कामाने पक्के मुंबईकर असलेले बॅप्टिस्टा ज्या लीगचे अध्यक्ष होते तिच्यात मुंबई नव्हती, पण आपले वाशीम, अकोला, अमरावती होते! आपल्या भागातल्या ज्या शेतकऱ्याने किंवा दुकानदाराने तेव्हा लीगची वर्गणी भरली, तो एका कॅथलिक माणसाच्या अध्यक्षतेखालच्या संस्थेचा सभासद झाला. त्याला ते खटकल्याचे आमच्या तरी वाचनात नाही.

स्वराज्य हा जन्मसिद्ध हक्क असल्याची टिळकांची घोषणा साऱ्या देशाला पाठ आहे. तिच्यामागची मूळ कल्पना आणि शब्द बॅप्टिस्टांचे होते असे बरेच जण मानतात. आम्ही या वादात पडत नाही. दोघे इतके एकत्र वावरले की कुणाचा शब्द कुणाच्या तोंडी गेला हे त्यांनाही सांगता आले नसते. १९१७ साली बॅप्टिस्टा लीगतर्फे विलायतेला गेले आणि तिथल्या मजूर पक्षाच्या पुढाऱ्यांना हिंदुस्थानची बाजू समजावून सांगितली.

याच सुमारास पहिल्या महायुद्धामुळे मुंबईतल्या जर्मन येशूसंघीयांवर संकट आले होते. शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून इंग्रज सरकारने त्यांना स्थानबद्ध केले आणि मायदेशी पाठवले. ज्यांनी शाळा उभ्या केल्या त्यांना त्या सोडून जावे लागले. १९२० नंतर स्पेनहून येशूसंघीय येईपर्यंत उरलेल्या थोड्या माणसांनी काम कसेबसे रेटले. कॅथलिक शाळा इंग्रजांच्या लाडक्या होत्या असे म्हणणाऱ्यांनी एवढे तरी वाचावे.

बॅप्टिस्टांनी पाँडिचेरीला अरविंद घोषांना पत्र लिहून मुंबईत निघणाऱ्या नव्या इंग्रजी वृत्तपत्राचे संपादक व्हा, अशी विनंती केली होती. अरविंदांनी ५ जानेवारी १९२० च्या उत्तरात नम्रपणे नकार दिला. त्याच वर्षी १ ऑगस्टला मुंबईच्या सरदारगृहात टिळक गेले. गांधीजींचे युग सुरू झाले आणि टिळकांची बरीच माणसे मागे पडली. बॅप्टिस्टांनी आपले उरलेले बळ कामगारांना दिले, आणि आमच्या मते त्यांच्या आयुष्याचा हा भाग होमरूलइतकाच मोठा आहे.

१९१९ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटना स्थापन झाली होती. तिच्या परिषदेला कामगारांचा प्रतिनिधी पाठवायचा तर त्याला निवडणारी देशव्यापी संघटना हवी, नाहीतर सरकार आपल्या मर्जीचा माणूस पाठवणार. म्हणून ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस भरली. लाला लजपतराय अध्यक्ष आणि बॅप्टिस्टा उपाध्यक्ष. पुढच्या वर्षी दुसरे अधिवेशन झरियाला, कोळशाच्या खाणींच्या मुलखात झाले आणि त्याचे अध्यक्ष बॅप्टिस्टा होते. खाणमालकांना हे अधिवेशन नको होते. तरी खाणीतले मजूर हजारोंनी आले. १९२४ साली जिनिव्हाच्या परिषदेत भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून काका गेले. परमगुरुस्वामी तेरावे लिओ यांनी १८९१ साली कामगारांच्या हक्कांविषयी विश्वपत्र लिहिले होते. ते अनेक ठिकाणी कपाटातच राहिले. इथे एक प्रापंचिक माणूस मजुरांच्या सभेत उभा होता.

काका हे नाव त्यांना लोकांनी दिले. आपल्याकडे बॅरिस्टराला साहेब म्हणतात, काका सहसा म्हणत नाहीत. गिरणीतल्या माणसाला हा सुटाबुटातला ख्रिस्ती वकील घरचा वाटला, म्हणूनच त्याच्या तोंडी हे नाव आले. १९२५ साली ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. महापौर हे पदनाव १९३१ पासून आले, म्हणून जुन्या कागदांत अध्यक्ष आणि आजच्या लेखांत महापौर असे दोन्ही आढळते. पद तेच.

टिळकांबरोबर राहूनही काकांनी आपला धर्म सोडला नाही की लपवला नाही, आणि टिळकांनीही तशी अपेक्षा केली नाही. जोसेफ हे नाव घेऊनच ते लीगचे अध्यक्ष झाले. आपल्या तरुणांपैकी काहीजण नोकरीच्या अर्जात किंवा भाड्याच्या खोलीसाठी नाव सांगताना अडखळतात हे आम्ही जाणतो. त्यांची अडचण खरी आहे, तिला हसू नये.

मुंबईला कामासाठी जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती. हार्बर लाइनवर डॉकयार्ड रोड स्टेशनला उतरले की लगतच माझगावची टेकडी आहे. पूर्वी तिथे किल्ला होता. आता वर पाण्याची टाकी आणि जोसेफ बॅप्टिस्टा उद्यान आहे. वरून गोदी आणि समुद्र दिसतो. म्हातारपाखाडी तिथून चालत जाण्यासारखी आहे. काकांची कबर शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत आहे. डॉकयार्ड रोडहून शिवडी तिसरे स्टेशन. जाणाऱ्याने एक मेणबत्ती आपल्या धर्मग्रामातर्फेही लावावी.