राग पचवणारा माणूस : न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे

वर्गात भांडण झालं की आपण काय करतो? दोघांना उभं करतो, सॉरी म्हणायला लावतो आणि पुढचा धडा सुरू करतो. मुलं सॉरी म्हणतात, पण मधल्या सुट्टीत पुन्हा तेच. शरीर कमवायला पी.टी.चा तास आहे. मन कमवायला तास नाही. त्यामुळे राग आल्यावर त्याचं काय करायचं, हे मुलं घरी आणि शाळेत मोठ्यांना पाहूनच शिकतात. अशा वेळी मला न्यायमूर्ती रानडे आठवतात. पाठ्यपुस्तकात ते समाजसुधारक, अर्थतज्ज्ञ, न्यायाधीश म्हणून येतात आणि चार ओळींत संपतात. त्यांचा स्वभाव त्या चार ओळींत मावत नाही.

जन्म 18 जानेवारी 1842, नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा. बालपण कोल्हापुरात गेलं. मूल अंगाने जड, बोलायला मंद. याचं पुढे कसं होणार, अशी आईला काळजी. खेळायला कोणी नसलं की हा मुलगा घरातल्या खांबाशी सोंगट्या खेळायचा. एका हाताने स्वतःचं दान टाकायचं, दुसऱ्या हाताने खांबाचं. आणि खांब जिंकला तर जिंकला! खांबाकडून हरलास म्हणून मोठी माणसं हसली, तरी त्याचं म्हणणं एकच, की त्याचं दान चांगलं पडलं त्याला मी काय करणार. आपल्या वर्गातली मुलं कॅरममध्ये हरली की सोंगट्या उधळतात, म्हणून ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. समोरच्याचं दानही तितक्याच प्रामाणिकपणे टाकायचं, ही सवय त्यांनी पुढे आयुष्यभर सोडली नाही.

मुंबईत शिक्षण झालं. मुंबई विद्यापीठाच्या अगदी पहिल्या पदवीधरांत त्यांचं नाव आहे. 1871 मध्ये न्यायखात्याच्या नोकरीत ते पुण्याला आले आणि तिथून त्यांच्या मागे वाद लागले ते शेवटपर्यंत.

1875 मध्ये स्वामी दयानंद सरस्वती पुण्यात आले होते. निरोपाच्या वेळी त्यांची मिरवणूक काढायचं ठरलं. विरोधकांनी गाढव सजवून त्याची वेगळी मिरवणूक काढली. पावसाचे दिवस, रस्त्यात चिखल. दयानंदांच्या मिरवणुकीवर तो चिखल फेकला गेला. रानडे सरकारी न्यायाधीश. ठरवलं असतं तर बाजूला होऊ शकले असते. पण ते चालत राहिले आणि चिखलाने भरलेल्या कपड्यांनी घरी आले. घरच्यांनी विचारलं तेव्हा त्यांनी सहज सांगितलं की सगळ्यांबरोबर चाललो होतो, तर सगळ्यांबरोबर चिखलही लागणारच. ना तक्रार, ना कोणाचं नाव.

चार वर्षांनी याहून अवघड प्रसंग आला. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाने सरकार धास्तावलं होतं. त्यातच 1879 च्या मे महिन्यात पुण्यातल्या बुधवार वाड्याला आग लागली. पुण्यातल्या शिकलेल्या मंडळींवर सरकारची नजर वळली आणि रानड्यांची बदली धुळ्याला झाली. तिथे त्यांचं टपाल फोडून वाचलं जायचं. बंडवाल्यांच्या नावाने त्यांना पत्रं येऊ लागली, म्हणजे हा माणूस सापडतो का ते पाहायचं. रानडे ती पत्रं सरळ पोलिसांकडे पाठवून देत आणि आपल्या कामाला लागत. काही महिन्यांनी तिथल्या इंग्रज अधिकाऱ्याचाच संशय फिटला. आपल्यावर कोणी असा संशय घेतला तर आपण किती दिवस झोपणार नाही, याचा विचार करून पाहा.

आता घरातली गोष्ट. इथे मात्र रानड्यांना एकदम मोठं करून चालणार नाही. 1873 मध्ये त्यांची पहिली पत्नी वारली. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारा हा सुधारक विधवेशीच लग्न करणार, या धास्तीने वडिलांनी घाईने मुलगी पाहिली. रानड्यांनी विरोध केला, पण वडिलांनी संबंध तोडण्याची भाषा केली आणि ते नमले. बत्तिशीच्या घरात आलेल्या या माणसाचं लग्न अकरा वर्षांच्या मुलीशी झालं. त्यावर लोकांनी टीका केली आणि ती रास्तच होती. वडिलांचं मन सांभाळलं, पण किंमत एका लहान मुलीने मोजली, असं मला वाटतं.

ती मुलगी म्हणजे रमाबाई रानडे. रानड्यांनी तिला स्वतः शिकवायला घेतलं, आधी मराठी, मग इंग्रजी. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते अजिबात खपेना. टोमणे, अबोला, कामात खोट काढणं, सगळं झालं. मुलींच्या हायस्कूलच्या मागणीसाठी गव्हर्नरांसमोर रमाबाईंनी इंग्रजीत भाषण वाचलं, त्या दिवशी तर घरी आल्यावर फार बोलणी खावी लागली. रानड्यांनी त्या बायकांना दरडावलं नाही आणि रमाबाईंचं शिक्षणही थांबवलं नाही. उलट उत्तर देऊ नकोस, पण वाचन सोडू नकोस, असं ते पत्नीला समजावत. सगळं चांगलंच होतं असं नाही हं! स्वतःच्या मनाविरुद्ध काही घडलं की रानडे बोलणं बंद करत, आणि ती शिक्षा रमाबाईंना रागावण्यापेक्षा जड जाई. हे त्यांनीच 1910 मध्ये छापलेल्या आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. घरात मुलांशी अबोला धरणाऱ्या आपण पालकांनी हे पान जरूर वाचावं. राग आवरणं वेगळं आणि गप्प राहून समोरच्याला तिष्ठत ठेवणं वेगळं.

पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये ऑक्टोबर 1890 मध्ये एक व्याख्यान झालं. नंतर चहा-बिस्किटं आली. कोणी घेतली, कोणी नुसती पुढ्यात ठेवली. गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावं बाहेर फोडली आणि ती वर्तमानपत्रात छापून आली. ख्रिस्त्यांकडचा चहा! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, मंडळींवर बहिष्कार आला. गंमत म्हणजे यादीत रानडे होते आणि टिळकही होते. भटजी मिळेनात, मित्रांच्या घरची कार्यं अडली, सासरी-माहेरी जाणाऱ्या लेकी अडकल्या. शेवटी 1892 मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. रमाबाईंना ते आवडलं नाही. सुधारकांनी तर त्यांना भित्रा ठरवलं. रानड्यांचं म्हणणं असं, की माझ्या ताठपणामुळे दुसऱ्यांची घरं का होरपळावीत? मला व्यक्तिशः हा निर्णय पटत नाही. बहिष्कार घालणाऱ्यांना त्यातून बळ मिळालंच. पण भित्रा म्हणणंही पटत नाही. आपलेच लोक हसणार, हे माहीत असून ते त्या पाटावर बसले होते.

1893 मध्ये ते मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. पुढच्या वर्षी मद्रासच्या काँग्रेसहून परतताना आगगाडीत घडलेला प्रसंग मी दरवर्षी वर्गात सांगतो. रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर पहिल्या वर्गात होते, गोखले आणि इतर मंडळी दुसऱ्या डब्यात. वाटेत रानडे त्यांच्याशी गप्पा मारायला गेले. तेवढ्यात एका इंग्रजाने रानड्यांचं सामान खाली फेकून त्यांची जागा बळकावली. निरोप आला तसे रानडे परत गेले, काही न बोलता भांडारकरांच्या बाकावर बसले, आणि रात्री वरच्या फळीवर जाऊन झोपले. पुणं आल्यावर त्या साहेबाला कळलं की आपण हायकोर्टाच्या न्यायाधीशाचं सामान फेकलंय. तो माफी मागायला आला, पण रानड्यांनी पाठ फिरवली आणि चालू लागले. म्हणजे रागच आला नव्हता असं नाही. ती माफी माणसाची नव्हती, हुद्द्याची होती, हे त्यांना कळलं असावं.

गोखले तेव्हा तरुण होते. या प्रकरणाचा पाठपुरावा करणार का, असं त्यांनी दुसऱ्या दिवशी विचारलं. रानड्यांनी नाही म्हटलं आणि उलट प्रश्न केला, की अशा बाबतीत आपलं तरी मन साफ आहे का? आपण आपल्याच अस्पृश्य मानलेल्या बांधवांना आजही कसं वागवतो? त्यांना पायाखाली ठेवून आपण इंग्रजांकडे कोणत्या तोंडाने तक्रार करायची? अपमान झाला हे त्यांनी नाकारलं नाही. असे प्रसंग माणसाला टोचतात, पण त्या टोचणीतून कामाला अधिक जोर यावा, असं ते म्हणाले. हा प्रसंग सांगितला की वर्गात जरा शांतता पसरते. मग एखादा मुलगा विचारतो, सर, पण तो इंग्रज तर सुटलाच ना? प्रश्न बरोबर आहे. मी त्याचं उत्तर देत नाही, मुलांनाच वाद घालू देतो. एकदा तर तास संपला तरी वाद संपला नव्हता.

1895 ची पुण्याची काँग्रेस आली. दरवर्षी काँग्रेसच्याच मांडवात सामाजिक परिषद भरायची. त्या वर्षी टिळकपक्षाच्या मंडळींनी कडाडून विरोध केला, मांडव जाळण्याच्या धमक्या आल्या. सार्वजनिक सभा तर आधीच हातातून गेली होती. काँग्रेस फुटू नये म्हणून रानड्यांनी मांडवाचा हट्ट सोडला आणि परिषद दुसरीकडे भरवली. परिषद मात्र रद्द केली नाही. पुढच्या वर्षी डेक्कन सभा काढून काम नव्याने सुरू केलं. टिळकांशी त्यांचे मतभेद अखेरपर्यंत मिटले नाहीत.

16 जानेवारी 1901 रोजी मुंबईत रानडे गेले. ज्या ‘केसरी’ने त्यांच्यावर वर्षानुवर्षं टीका केली, त्याच ‘केसरी’त टिळकांनी त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला. थंड पडलेल्या महाराष्ट्रात पुन्हा ऊब आणि जीव आणण्याचं श्रेय त्यांनी मोकळ्या मनाने रानड्यांना दिलं.

रमाबाई तेव्हा एकोणचाळिशीच्या उंबरठ्यावर होत्या. त्यांनी सुमारे वर्षभर स्वतःला घरात कोंडून घेतलं. मग बाहेर पडल्या. पुण्याच्या सेवासदनाची जबाबदारी त्यांनी घेतली आणि 1924 मध्ये जाईपर्यंत ती सांभाळली. येरवड्याच्या तुरुंगातल्या बायकांना भेटायला त्या जात, त्यांच्याजवळ बसून त्यांना काही सांगत, त्यांचं ऐकून घेत.