लंडनहून सोलापूरपर्यंत : बाबासाहेबांनी परत आणलेली विद्या

श्रीमंत राष्ट्रांचे बळ त्यांच्या कारखान्यांइतकेच त्यांच्या विद्यापीठांत आणि ग्रंथालयांत साठलेले असते. गरीब देशाचा पैसा, त्याची दप्तरे आणि त्याची बुद्धिमान मुले तिकडे जातात. परत येते ते थोडे. या प्रवाहाची दिशा बदलणाऱ्या महामानवाचे हे अल्प चरित्र.

14 एप्रिल 1891 रोजी महू येथे जन्मलेले भीमराव रामजी आंबेडकर 1913 साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा करावी, असा करार होता. 1916 साली ते लंडनला गेले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने 1917 मध्ये शिक्षण अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. करारानुसार ते बडोद्यात रुजू झाले, तेव्हा अस्पृश्य म्हणून त्यांना राहावयास घर मिळेना. अखेर त्यांना बडोदे सोडावे लागले. बुद्धी परदेशी जाते ती केवळ तिकडच्या वैभवाच्या ओढीने नव्हे. स्वदेशातील दारे बंद असतात म्हणूनही ती जाते.

मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून साठविलेली पुंजी, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेली उसनवारी यांवर ते 1920 साली पुन्हा लंडनला गेले. विषय होता भारताचा रुपया. त्याचा इतिहास लिहिण्यासाठी तेथील ब्रिटिश म्युझियम आणि इंडिया ऑफिस यांच्या ग्रंथालयांत बसावे लागले, कारण आपल्या देशाविषयीचे ज्ञानही परक्या राजधानीत साठले होते. रुपयाच्या विनिमयाचे धोरणही तेथूनच चाले. देशातील किमती स्थिर राहणे विनिमयदराच्या स्थैर्याहून महत्त्वाचे, असे त्यांनी त्या प्रबंधात मांडले. 1923 साली डी. एस्सी. ही पदवी मिळाली आणि प्रबंध ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

आपल्या बार्शीलाही हे परावलंबन अपरिचित नव्हते. 1897 पासून येथे धावणाऱ्या बार्शी लाइट रेल्वेची कंपनी लंडनची होती आणि योजना एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याची. त्याच बार्शीत मे 1924 मध्ये भरलेल्या बहिष्कृत वर्गाच्या परिषदेत बाबासाहेबांनी समाजाला मार्गदर्शन केले. 20 जुलै 1924 रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि जानेवारी 1925 मध्ये सभेने सोलापुरात विद्यार्थी वसतिगृह सुरू केले. पुढे 1945 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि 1946 साली सिद्धार्थ महाविद्यालय उभे राहिले.

न्यूयॉर्क व लंडन येथे मिळविलेली विद्या अशी सोलापूरच्या वसतिगृहात पोहोचली. 6 डिसेंबर 1956 रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. आज आपली मुले शिक्षणासाठी दूरदेशी जातात, त्याचा आनंदच आहे. मात्र त्यांच्या विद्येचा काही अंश गावाकडे परतावा आणि परतणाऱ्याला येथे सन्मानाचे स्थान मिळावे, ही जबाबदारी जाणाऱ्यांची तशीच मागे राहणाऱ्या आपणा सर्वांचीही आहे.