डॉ. सर विल्यम वॉन्लेस

सांगलीहून मिरजेस जाताना वाटेत वानलेसवाडी लागते. ‘वाडी’ हा शब्द आपल्या घरचा; परंतु त्यामागील आडनाव मात्र परदेशचे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ ‘आशाहीन’ असा होता. ते नाव आमच्या मुलखास ज्यांच्यामुळे मिळाले, त्या थोर पुरुषाचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहो.

विल्यम जेम्स वॉन्लेस यांचा जन्म १८६५ साली कॅनडात झाला. न्यूयॉर्क येथे वैद्यकीचे शिक्षण पुरे करून ते १८८९ साली अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे हिंदुस्थानात आले. प्रथम सांगलीस त्यांनी लहानसा दवाखाना चालविला. पुढे मिरजेस जाऊन १८९४ साली मोठे रुग्णालय उघडले. मिरज हे आगगाडीचे जंक्शन असल्यामुळे दूरदूरचे रोगी तेथे येऊ लागले. मोतीबिंदूने अंध झालेली माणसे दुसऱ्याचा हात धरून येत व आपल्या डोळ्यांनी वाट पाहत परत जात.

एकट्याच्या दोन हातांनी हे कार्य पुरे होणारे नव्हे, हे जाणून त्यांनी १८९७ साली वैद्यकीय शाळा काढली व एतद्देशीय तरुणांस शिकविले. ज्यांना घरातही थारा नसे, अशा कुष्ठरोग्यांसाठी १९०० साली आश्रम स्थापिला. क्षयावर त्या काळी गुणकारी औषध नव्हते; मोकळी हवा, विश्रांती व सकस अन्न हाच उपचार असे. म्हणून गावच्या गर्दीपासून दूर क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभे राहिले. तीच ही वानलेसवाडी.

१९२८ साली त्यांस ‘सर’ ही पदवी मिळाली. त्याच वर्षी ते येथून निवृत्त झाले आणि १९३३ साली अमेरिकेत निवर्तले. मिरजेच्या रुग्णालयास त्यांचे, तर कोल्हापुरातील रुग्णालयास त्यांच्या पत्नी मेरी यांचे नाव देण्यात आले.

त्यानंतर संस्थाने विलीन झाली. १९४९ साली सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले व १९६० साली दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले. राज्ये गेली, जिल्ह्यांची नावे पालटली. वाडीचे नाव तेवढे राहिले. ते कोणा राजाज्ञेने नव्हे, तर लोकांच्या तोंडी टिकले. ज्या नावाचा अर्थ ‘आशाहीन’, तेच निराश रोग्यांस आशेचे ठिकाण झाले. नावास अर्थ कोशाने नव्हे, कृतीने येतो, एवढे आम्हां विद्यार्थ्यांनी या चरित्रापासून घ्यावे.