कोमट पेला

कोमट म्हटले की आपल्याला आजाऱ्याचे पाणी आठवते, मैफल नव्हे. माझाही तोच समज होता. बँकेतून निवृत्त झाल्यावर जपानमधील फुकुओकाला गेलो, तेथे कित्येक वर्षे मुरवलेली साके तीन तऱ्हांनी चाखली आणि तो समज गेला. तांदळाचे हे मद्य ताजे असताना पाण्यासारखे नितळ. मुरले की तांबूस-पिवळे. थंडगार पेल्यात त्याचा वास जणू झोपलेला होता. ५० अंशांवर आधी भपकाराच नाकात शिरला. ४० अंशांच्या आसपास मात्र मनुका, अक्रोड, जळवलेली साखर असे एकेक पदर सुटत गेले.

याच गावी १६३० साली कैबारा एकिकेन जन्मला. प्रकृती लहानपणापासून तोळामासा. ऐन तारुण्यात सरदाराची मर्जी गेली आणि सुमारे सात वर्षे चाकरीविना काढावी लागली. पुढे नव्या सरदाराने त्याला विद्याभ्यासासाठी क्योटोला धाडले. सत्तरीत तो सेवानिवृत्त झाला, आणि खरा कामाला लागला. १७०९ मध्ये जपानी वनस्पती, प्राणी व खनिजांवरचा 'यामातो होन्झो', आणि ऐंशी ओलांडल्यावर, १७१३ मध्ये, आरोग्यावरचा 'योजोकुन' प्रसिद्ध झाला.

त्यात साकेविषयीही सल्ला आहे. उन्हाळा असो वा हिवाळा, ती फार थंड नको, फार कढत नको. कोमट घ्यावी आणि थोडीच. कढत पेयाने प्राणवायू वर चढतो, थंडाने पोट बिघडते, ही त्याची कारणमीमांसा. आजचे वैद्यक ती मानणार नाही, आणि थोड्या मद्यालाही औषध म्हणणार नाही. पण जीभ मात्र त्याच्या बाजूने साक्ष देते.

हा माणूस अरसिक नव्हता. साकेला तो दैवी देणगीच मानी. नाजूक देह जपून वापरला, तर आनंद अधिक काळ पुरतो, एवढाच त्याचा हिशेब. बावीस वर्षांनी लहान असलेली पत्नी टोकेन हीदेखील विदुषी आणि तशीच नाजूक. दोघांनी मिळून प्रवास केले. ग्रंथ निघाल्यावर वर्षभरातच ती गेली. मागोमाग काही महिन्यांत, १७१४ साली, तोही.

किनर्यूजी मंदिरात दोघांच्या समाध्या शेजारी-शेजारी आहेत. निरोप समारंभाच्या दिवशी माझे खाते बंद झाले, असे मला वाटले होते. त्या समाध्यांपुढे उभा राहिलो आणि ते वाटणे तिथेच ठेवून आलो.