विल्सन जोन्स : बिलियर्ड्सचे पहिले भारतीय जगज्जेते

स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातील पहिले जगज्जेतेपद मिळाले ते बिलियर्ड्समध्ये. २ मे १९२२ रोजी पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये कोलकात्यात जागतिक हौशी स्पर्धा जिंकली. १९६४ मध्ये न्यूझीलंडमध्ये त्या यशाची पुनरावृत्ती केली. तीन चेंडूंचे संयमी बिलियर्ड्स श्रेष्ठ की बावीस चेंडूंचे स्नूकर, हा शौकिनांचा जुना वाद. जोन्स यांनी राष्ट्रीय बिलियर्ड्स बारा वेळा आणि राष्ट्रीय स्नूकर पाच वेळा जिंकून त्याला कृतीनेच उत्तर दिले. निवृत्तीनंतर ते नव्या खेळाडूंना घडवीत राहिले. १९९६ च्या द्रोणाचार्य पुरस्काराने या गुरुकार्याचा गौरव झाला. ऑक्टोबर २००३ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांनी आखलेल्या वाटेवरूनच पुढे मायकेल फरेरा, गीत सेठी आणि पंकज अडवाणी जगज्जेते झाले.